दगडाला पाणी पाजणारे सर

माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस होता. पाटोद्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. प्रयोगशाळेत एक चंचुपात्र धूळ खात पडलं होतं, ते मी नळाखाली धरलं आणि सवयीप्रमाणे तीनदा विसळलं. मागून आवाज आला, "दोनदात निघालं असतं, बाई."

वळून पाहिलं तर दारात एक उंच, सावळे गृहस्थ उभे. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन, पायांत धुळीचा ठिपका नसलेल्या चपला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. पुढचा प्रश्न थेट, "तिसऱ्या खेपेचं पाणी कुणाच्या वाट्याचं व्हतं?"

मी नांदेडची. गोदावरीच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्यावरून कुणी बोललं की ते आधी कळतच नाही, आणि कळलं की झोंबतं. मी दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी कॉलेजचे शिपाई बिरूमामा चहा घेऊन आले आणि म्हणाले, "साळवे सरांचं मनावर घिऊ नका, बाई. ते मान्साला बोलत न्हाईत, नळाला बोलत्यात."

तर हे साळवे सर. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. त्या विभागात त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे प्रमुखपदाला विरोधही नव्हता. ते मूळचे लिंबागणेशच्या बाजूच्या एका खेड्यातले. छप्पन साली धर्म बदललेलं घर. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत सर शहरात एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेपर्यंत पोचले, तिथं बरीच वर्षं राहिले आणि एक दिवस सगळं सोडून परत आले. कारण विचारलं की एवढंच सांगायचे, "आई गाव सोडंना." लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याचं कारण विचारायची हिंमत स्टाफरूममध्ये कुणालाही झाली नाही, मलाही नाही.

वर्गात त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी असायची. वर्गाबाहेर पाऊल पडलं की ती लिंबागणेशची व्हायची. मी एकदा त्यांना यावरून छेडलं, तेव्हा म्हणाले, "बाई, चप्पल बी आपण दारात काढतोच की."

त्यांच्या विभागाच्या मागे एक अंधारी खोली होती. तिच्या कुलपाबद्दल गावात पुष्कळ समजुती होत्या. कुणी म्हणे आत सोनं करायचा प्रयोग चालू आहे, कुणी म्हणे अणुबॉम्ब. मला त्यांनी ती खोली सहा महिन्यांनी दाखवली, तीही माझ्या विभागातला चांगला तराजू त्यांना हवा होता म्हणून. आत मांडणीवर झाकणाची बारा भांडी होती. प्रत्येक भांड्यात पाणी आणि पाण्याच्या तळाशी काळसर रंगाची, बत्ताशाएवढी एक टिकली. बस. इतक्या वर्षांच्या अफवांच्या मानानं मला ते फारच कमी वाटलं.

"ह्यो दगड हाय," सर म्हणाले. "मान्सानं केलेला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अणुवीज तयार झाल्यावर मागे जो गाळ उरतो तो हजारो वर्षं किरण सोडत राहतो. तो सुटा, पातळ ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याला कशात तरी कायमचं बांधावं लागतं. बहुतेक ठिकाणी तो काचेत वितळवून बांधतात. सरांच्या जुन्या प्रयोगशाळेतली काही माणसं दुसऱ्या वाटेनं निघाली होती. डोंगरातले काही दगड पोटात युरेनियम धरून कोट्यवधी वर्षं ऊनपाऊस सोसत बसले आहेत. तसाच दगड, कुंभार भांडं भाजतो तसा, पण कितीतरी जास्त आचेवर भाजून करायचा आणि त्याच्या पोटात हा गाळ द्यायचा. सरांकडच्या टिकल्यांमध्ये खरा गाळ नव्हता. त्याच मूलद्रव्यांचे किरण न सोडणारे, निरुपद्रवी भाऊबंद होते. पण पाण्यापुढं दोघांची वागणूक सारखीच.

कारण शेवटी प्रश्न पाण्याचाच होता. जमिनीत खोल पुरलेल्या दगडापाशी कधी ना कधी पाणी पोचणार. ते दगडातून काय काढून नेईल? हे पाहायचं तर दगड शुद्ध पाण्यात ठेवायचा, दर अठ्ठावीस दिवसांनी पाणी बदलायचं, काढलेलं पाणी बाटलीत भरून जपायचं, टिकलीचं वजन करायचं, आणि नवं पाणी घालून पुन्हा वाट पाहायची. अशी पाच वर्षं, खंड न पडू देता. मग सगळ्या बाटल्या शहरात पाठवायच्या, कारण पाण्यात लाखातला एखादा कण उतरला असेल तर तो पकडणारं यंत्र तिथंच होतं. मोठ्या प्रयोगशाळेत माणसं बदलतात, खोल्या बदलतात, साहेब बदलतात. पाच वर्षं एका जागी बसून राहणारा माणूस त्यांना पाहिजे होता, आणि तो त्यांनी पाटोद्यात शोधला.

"पाण्याला सबूर लई, बाई," सर भांड्यावर झाकण ठेवत म्हणाले. "आपल्याला त्याच्याहून जास्त पायजे."

त्या माणसाला दुसरी महत्त्वाकांक्षा नव्हती. बढती नको, परदेश नको, पुस्तकावर नाव नको. ही पाच वर्षांची नोंद एकदा पुरी व्हावी आणि ती खरी असावी, एवढंच पाहिजे होतं. आम्ही त्यांची थट्टा करायचो. गावानं तर नावच पाडलं होतं, दगडाला पाणी पाजणारे सर. सरांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की मनातून आवडतही होतं.

मग दुष्काळाचं दुसरं वर्ष आलं. पहिल्या वर्षी माणसं आभाळाकडं बघतात, दुसऱ्या वर्षी टँकरच्या रस्त्याकडं. कॉलेजचा नळ कोरडा पडला. दिवसाला दोन पिंपं पाणी मिळायचं. त्यातलं एक घागरभर सर घ्यायचे, उकळून त्याची वाफ धरायचे आणि ते शुद्ध पाणी दगडांसाठी ठेवायचे. एक दिवस कॉलेजच्या फाटकाबाहेर टँकरची रांग लागली असताना सर घागर घेऊन आत चालले होते. रांगेतली एक बाई, डोक्यावर रिकामा हंडा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "आमच्या लेकरायला प्यायला न्हाई, अन् मास्तर दगडाला पाजतंय. कावून, तुमचा दगड मरतो का पाण्याबिगर?"

रांग हसली. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घागर त्यांनी त्या बाईच्या हंड्यात रिकामी केली आणि आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "खरं बोलली. ह्याच्यापुढं टँकरचं पाणी दगडाला न्हाई."

मी म्हटलं, "मग दगडाला कुठलं?"

"जे कुणाच्याच वाट्याचं न्हाई ते हुडकायचं."

आणि त्यांनी ते हुडकलं. गावाबाहेर सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. आसपासच्या खेड्यांतलं दूध तिथं थंड व्हायचं. चाऱ्याविना जनावरं छावणीत गेली होती, दुधाचे कॅन निम्म्यावर आले होते, पण कंप्रेसर अजून चालू होता. त्या थंडगार पाइपांवर हवेतला ओलावा धरायचा, बर्फाची पांढरी साय जमायची आणि यंत्र थांबलं की ती थेंब थेंब गळायची. इतकी वर्षं तो थेंब फरशीवर पडून मोरीत जात होता. सरांनी पाइपाखाली स्वच्छ काचेच्या बरण्या टांगल्या.

केंद्राचे मॅनेजर तिडके म्हणून होते. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. त्यांना हे काही केल्या समजेना. "सर, पाइपाचं पाणी कावून पायजे तुमाला? ह्याचं काय तीर्थ करता का?"

मी त्या दिवशी सरांबरोबर गेले होते. सर उलट्या ठेवलेल्या दुधाच्या कॅनवर बसले आणि त्यांनी तिडक्यांना अख्खा विषय समजावला. तिडके म्हणाले, "पर काचंत बांधत्यात ना लोक? मग दगडाचं खूळ कशाला?"

"काच म्हंजे बाजारच्या दिवसाची यष्टी. समदे आत हायेत, पर कोण कुठं हुबा हाय, ठावं न्हाई. गचका बसला की दारातला खाली पडतो. दगड म्हंजे पंगत. ज्याचा त्याचा पाट ठरलेला."

"अन् पाटावरनं उठवलं तर?" तिडके हसत म्हणाले.

"उठवता येत न्हाई अशीच पंगत मांडायचीय, तिडके."

त्यानंतर सर उठून बरण्या तपासायला लागले. तिडक्यांना वाटलं विषय संपला. मला परतीच्या वाटेवर सरांनी सांगितलं. त्यांची आई लहान असताना गावातल्या एका लग्नात, कुणाच्या ध्यानात यायच्या आत, मैत्रिणींच्या नादानं पंगतीत जाऊन बसली होती. वाढलेल्या ताटावरून तिला हाताला धरून उठवलं. म्हातारी ते शेवटपर्यंत सांगायची. कुणी उठवलं ते नाही सांगायची, ताटात काय काय होतं ते सांगायची. सरांनी एवढं सांगितलं आणि लगेच पावसाच्या अंदाजावर बोलायला लागले.

तिडक्यांनी मात्र त्या दिवसापासून बरण्यांची राखण स्वतः घेतली. एखाद्या कामगाराचा धक्का बरणीला लागला की ओरडायचे, "ए, दिसत न्हाई का बे? सरांची पंगत बसलीय तिथं!"

अशा रीतीनं दगडांना थेंबांवर जगवत चाचणीनं तीन वर्षं ओलांडली. भिंतीवरच्या मांडणीत बाटल्यांच्या रांगा वाढत गेल्या. प्रत्येक बाटलीवर फक्त एक आकडा, सरांच्या टपोऱ्या अक्षरात. शब्द नाही. आकड्यापुढं शब्दाची गरज नसते असं त्यांचं मत होतं.

त्या उन्हाळ्यात परीक्षा होत्या. आमच्या केंद्रावर दहा-पंधरा खेड्यांतली मुलं यायची, काही तर चालत. त्या दिवशी मी आणि सर बीडला उत्तरपत्रिकांच्या कामाला गेलो होतो. परतायला दुपार टळली. सरांनी खोलीचं कुलूप बघितलं तर ते उघडं होतं. आत बाटल्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पण खिडकीच्या कट्ट्यावर उलट्या घालून ओळीनं निथळत ठेवलेल्या. शुद्ध पाण्याचे दोन कॅनही आडवे.

बिरूमामा मागून आले. चेहरा काहीतरी भलं काम करून आलेल्या माणसाचा. सांगू लागले, "टँकर आलाच न्हाई, सर. पोरं तहानंनं येडी झालती. एक पोरगी तर बाकावरच कलंडली. म्या म्हनलं सरांच्या पाण्यावानी सुद पाणी तालुक्यात न्हाई. दुसरी चावी हापिसातनं घेतली, फडक्यानं गाळून समदं रांजणात वतलं. लई पोटभर पेली पोरं."

बिरूमामा धनगर. त्यांच्या घरात मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या. तहानलेल्या जिवाला जवळ पाणी असताना नाही म्हणणं हे त्यांच्या जगात बसतच नव्हतं. आम्ही शिकलेली माणसं इतकी वर्षं त्या खोलीत ये-जा करत होतो, पण त्या बाटल्यांत काय आहे आणि का आहे हे त्यांना सांगायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

सर स्टुलावर बसले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "कुणाला मळमळलं का?"

"न्हाई जी. पेपर लिव्हत्यात."

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर गणित मांडलं. टिकल्यांतून जास्तीत जास्त जे निघालं असेल ते सगळं निघालं असं धरलं, आणि ते सगळं एकाच मुलाच्या पोटात गेलं असं धरलं. उत्तर निरुपद्रवी आलं. ते पुसून त्यांनी पुन्हा मांडलं. मग तिसऱ्यांदा. मग पेपर सुटेपर्यंत एकेका वर्गाच्या दारात उभे राहून ते मुलांची तोंडं पाहत राहिले. शेवटचा मुलगा फाटकाबाहेर पडल्यावर ते खोलीत आले आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. मी बाहेर बाकावर बसून होते. मला त्या वेळी बिरूमामांचा राग आला होता आणि रडायलाही येत होतं, दोन्ही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी व्हायचं ते झालं. "पोरांना अणूचं पाणी पाजलं" म्हणून पालक फाटकावर आले. सर त्यांच्यात जाऊन उभे राहिले. लपवलं काहीच नाही. बाटल्यांत काय होतं, काय नव्हतं, गणित काय आलं, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "चूक बिरूमामाची न्हाई. बाटलीवर पिऊ नये असं म्या लिव्हलं न्हाई. चूक माझी हाय." इतकं सरळ कुणी बोललं की भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत होते. तासाभरानं लोक पांगले.

खरी परीक्षा पुढं होती. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, मीही तिथं होते. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, सरांची त्यांना काळजीच होती. ते म्हणाले, "साळवे, एवढं मनाला लावून काय घेता? तुमचा दगड पाण्यात काही सोडत नाही, हेच तुम्हाला दाखवायचंय ना? मग बाटल्यांत शुद्ध पाणी भरा, नंबर आहेतच, आणि द्या पाठवून. तुमच्या खऱ्या पाण्यात आणि ह्यात फरक तो काय असणार?"

मला ते पटलं. आज लाज वाटते, पण त्या क्षणी पटलं. तीन वर्षं वाचत होती. आणि खोटं पकडलं जाणं शक्यच नव्हतं, कारण ते खोटं म्हणजे उत्तम यशच दिसलं असतं.

सर उठले. "पाण्यात काय न्हाई हे पाण्यानं सांगाया पायजे," ते म्हणाले, "म्या न्हाई."

त्यांनी शहरात पत्र लिहिलं. कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंतचं पाणी नाही, ते लिहिलं, आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'परीक्षार्थींनी प्यायले.' तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं. काम थांबवण्यात येत आहे, नमुने ठेवायचे तर ठेवावेत. तिकडचा एखादा साहेब ते वाचून किती हसला असेल, या कल्पनेनं मला कितीतरी दिवस झोप लागली नाही.

आता सर काही देवमाणूस नव्हते. आठ दिवस ते बिरूमामांशी एक शब्द बोलले नाहीत. चहा टेबलावर आला की तोंड फिरवायचे. बिरूमामा सुकून गेले. "एक मेंढा इकतो अन् भरून देतो" म्हणून माझ्याकडं रडले. पाणी कशानं भरून येतं, हे मी त्यांना कसं सांगणार? नवव्या दिवशी सर अचानक म्हणाले, "बाई, चला जरा." आम्ही माळावरच्या बिरूमामांच्या वाड्यावर गेलो. मेंढरं सावलीला माना घालून उभी होती. बिरूमामा धावत बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. सर दगडावर बसले आणि म्हणाले, "मामा, तहान लागलीय."

बिरूमामांच्या म्हाताऱ्या आईनं मडक्यातून तांब्या भरला. ती क्षणभर थांबली. त्या थांबण्यात काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. मग तिनं तांब्या सरांच्या हातात दिला, वरून ओतला नाही. सरांनी तो तोंडाला लावून रिकामा केला. माझ्या देखत त्यांनी पाण्याची अशी चैन पुन्हा कधी केली नाही.

सोमवारी त्यांनी शंभर चिठ्ठ्यांवर 'पिऊ नये' लिहून नव्या बाटल्यांना चिकटवल्या. सगळं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बिरूमामांना वाचता येत नाही. मी इतकी हसले की सरही हसायला लागले. शेवटी तोडगा बिरूमामांनीच काढला. जे मेंढरू विकायचं नाही त्याच्या गळ्यात ते काळा लोकरीचा दोर बांधत. त्यांनी एकेका बाटलीच्या गळ्यात तसा दोर बांधला आणि म्हणाले, "आता ह्याला माझा बाप बी हात लावणार न्हाई."

जुन्या टिकल्या तीन वर्षं भिजलेल्या, त्या पहिल्यापासून मोजायला चालणार नव्हत्या; पण कोऱ्या टिकल्यांचा एक राखीव संच सरांकडे डबीत होता. त्यांनी तो काढला, वही नवी केली आणि पहिल्या पानावर लिहिलं, दिवस पहिला. सरांच्या निवृत्तीला तेव्हा तीन वर्षांहून कमी उरली होती. मी विचारलं, "सर, पाच वर्षं पुरी कशी होणार?"

त्यांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "तुमी हायेत की."

नांदेडच्या एका कॉलेजात जागा निघाली होती आणि मी अर्ज केला होता. तो मी परत घेतला. सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "कावून?", आणि मला उत्तर देता आलं नसतं. आजही नीट देता येणार नाही. त्या माणसाजवळ बसून अठ्ठावीस दिवस मोजण्यात मला सुख होतं, इतकंच मला माहीत आहे.

मधे पाऊस आला, विहिरी भरल्या, तिडक्यांच्या केंद्रात पुन्हा कॅनांची गर्दी झाली. सर निवृत्त होऊन गावी राहायला गेले. पण दर अठ्ठाविसाव्या दिवशी लिंबागणेशकडून येणाऱ्या यष्टीतून ते उतरायचे. तीच इस्त्री, तेच पेन. फक्त पायऱ्या चढताना कठडा धरू लागले होते, आणि पुढं पुढं दर चार पायऱ्यांना थांबू लागले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता, असं मला त्यांच्या पुतण्याकडून फार उशिरा कळलं.

पाच वर्षं पुरी झाली तेव्हा ते नव्हते. शेवटच्या चार फेऱ्या मी एकटीनं केल्या. काळ्या दोराच्या बाटल्या खोक्यांत भरताना बिरूमामा एकेक बाटली दोन्ही हातांनी द्यायचे. मोठ्या प्रयोगशाळेकडून पोच आली, छापील. पुष्कळ महिन्यांनी एका तरुण शास्त्रज्ञ मुलीचा फोन आला. पाण्यात जवळजवळ काहीच सापडलं नव्हतं, दगडानं धरून ठेवलं होतं. तिला एकच विचारायचं होतं. जुन्या फायलीत 'परीक्षार्थींनी प्यायले' असं एक कारण आहे, ते खरं आहे का? मी म्हटलं, अक्षरशः खरं. ती म्हणाली, "मग मी हे सगळे आकडे घेते." तिनं प्रा. साळव्यांचा फोन नंबर मागितला. मला तो देता आला नाही.

पण ती बातमी, ते यश, हे सगळं माझ्या मनात मागे पडतं आणि पुढं येते ती एक दुपार. सर आले ती शेवटची. मार्चचं ऊन होतं. टिकल्या मी आदल्या दिवशीच काढून सुकवून ठेवल्या होत्या. तराजूच्या खोलीत सर खुर्चीवर बसले. मी पहिली टिकली पारड्यात ठेवली. तराजूचा शेवटचा आकडा काही वेळ हलत राहतो, तो थांबेपर्यंत बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही, असा त्यांचाच नियम. आम्ही दोघं गप्प बसलो. मी सांगायला वळले तर सर झोपले होते. मान एका बाजूला, हात मांडीवर, चष्मा नाकावर घसरलेला. इतक्या वर्षांत त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. शर्टाची कॉलर त्यांच्या मानेला फार मोठी झाली होती.

आकडा दोन मिनिटांत थांबला होता. मी तो वहीत लिहिला. बाकीच्या टिकल्या एकेक करून ठेवल्या, त्यांचेही लिहिले. मग काही करायचं उरलं नाही. सरांना चार वाजताची यष्टी गाठायची होती. मला ते माहीत होतं. मी उठवलं नाही. खिडकीचं एक दार हळूच ओढून घेतलं, कारण ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं, आणि तशीच बसून राहिले. यष्टी स्टँडवरून सुटल्याचा हॉर्न ऐकू आला, तोही मी ऐकून घेतला.

ते जागे झाले तेव्हा ओशाळले. "कावून उठवलं न्हाई, बाई?"

"आकडा थांबत नव्हता, सर," मी म्हटलं.

त्यांनी वही जवळ ओढली. एकेक वजन वाचलं, मागच्या पानाशी ताडून पाहिलं. आकड्यांशेजारी मी वेळही लिहिली होती, आणि ती मला खोटी लिहिता आली नव्हती. पहिल्या टिकलीपुढं तीन वाजून दहा, शेवटच्या टिकलीपुढं तीन पस्तीस. सरांचं बोट तिथं थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पाच वाजायला आले होते. मी पारडं पुसत राहिले, ते पुसलेलंच होतं.

सरांनी पेनाचं टोपण काढलं, खाली सही केली, आणि विचारलं, "पुढची यष्टी कवा हाय?"

"सहाला," मी म्हटलं.

"मग बसू की," ते म्हणाले, आणि पुन्हा खुर्चीत मागं टेकले.